हळद, कर्क्युमिन की कॅप्सूल? तुमचा संशोधनाचा प्रश्न नेमका कशावर?

वाईला आमच्या शेजारच्या काकूंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. आता त्या रोज टॅमॉक्सिफेनची गोळी घेतात. मध्यंतरी घरी गेले तेव्हा त्यांनी एक डबी दाखवली. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, आत मिरीचा अर्कही. "डॉक्टरांना विचारलंत का?" म्हटलं, तर म्हणाल्या, "अगं, हळदीचं काय विचारायचं? ती तर आपण रोजच खातो."

आपल्या भागात हे उत्तर अगदी स्वाभाविक आहे. कृष्णाकाठी हळद पिकते, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण काकूंच्या बोलण्यात एक गफलत आहे, आणि पीएच.डी.चा आराखडा लिहिताना आपल्यापैकी अनेकांकडून तीच होते: एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी.

पहिली: स्वयंपाकातली हळद. हिच्यात कर्क्युमिन साधारण 3 टक्के. जातीनुसार कमी-जास्त.

दुसरी: वेगळं काढलेलं कर्क्युमिन. हे आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, आणि जे शोषलं जातं त्याचं शरीर झटपट रूपांतर करून ते बाहेर टाकतं.

तिसरी: कर्क्युमिन आणि मिरीतलं पाइपरिन. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पाइपरिन दिलं, तेव्हा कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे 20 पट वाढलेली दिसली. जाहिरातींना हा आकडा फार आवडतो. संशोधकाने मात्र पुढचा प्रश्न विचारायचा: पाइपरिन जर शरीराच्या या व्यवस्थेत ढवळाढवळ करत असेल, तर त्याच वाटेने जाणाऱ्या इतर औषधांचं काय?

टॅमॉक्सिफेन तसंच औषध आहे. यकृतातली एन्झाइम्स त्याचं एन्डॉक्सिफेन बनवतात, आणि खरं काम मुख्यतः तेच करतं. नेदरलँड्समध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच रुग्णांना आलटून पालटून तीन प्रकार दिले: नुसतं टॅमॉक्सिफेन, सोबत कर्क्युमिन, सोबत कर्क्युमिन आणि पाइपरिन. तिसऱ्या प्रकारात रक्तातलं एन्डॉक्सिफेन 12.4 टक्क्यांनी घटलं. नुसत्या कर्क्युमिनने घट 7.7 टक्के होती, पण ती सांख्यिकीय कसोटीवर टिकली नाही.

इथे जरा थांबा. तुम्ही म्हणाल, एन्डॉक्सिफेन बनायचं मंदावलं असणार. मग मूळ टॅमॉक्सिफेन साठून वाढायला हवं होतं ना? पण तेही घटलं! म्हणजे सोपं स्पष्टीकरण पुरत नाही. असे सांधे दिसले की वहीत टिपून ठेवा, संशोधनाचे प्रश्न तिथेच सापडतात.

आता मात्रा बघू. या अभ्यासात कर्क्युमिन दिवसाला 3.6 ग्रॅम होतं. 3 टक्क्यांच्या हिशेबाने ते 120 ग्रॅम हळदीतलं झालं. एवढी हळद कुठल्याच आमटीत पडत नाही. म्हणून कॅप्सूलचा निष्कर्ष हळदीला लावायचा नाही, आणि हळदीचा भरवसा कॅप्सूलला द्यायचा नाही.

मर्यादाही लक्षात घ्या. रुग्ण मोजकेच होते आणि मोजली ती रक्तातली पातळी, कॅन्सर परत येतो की नाही हे नाही. "कॅप्सूलमुळे कॅन्सर उलटतो" असं यातून निघत नाही. पण "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे तर नक्कीच निघत नाही.

तेव्हा आराखड्यात "हळदीचा कॅन्सरवर परिणाम" असं लिहू नका. कोणता पदार्थ, किती मात्रा, कोणत्या औषधासोबत, काय मोजणार, हे चारही लिहा.

काकूंनी नंतर ती डबी डॉक्टरांना दाखवली. कॅप्सूल बंद झाल्या, आमटीतली हळद चालू आहे. मी मात्र त्यांच्याकडून एक धडा घेतला. तुमच्या प्रश्नावलीत "आणखी कोणती औषधं घेता?" असं विचारलंत, तर काकू "काही नाही" म्हणतील. खोटं बोलतील म्हणून नाही, त्यांच्या लेखी ते औषधच नाही म्हणून. "डबीतलं, पुडीतलं, बाटलीतलं, रोज काय काय घेता?" असं विचारून बघा.