कारखान्यावरील कर आणि परदेशचा बाजार

महसूल खात्याच्या कचेरींत आयुष्य गेल्यामुळें कोणताहि कर म्हटला कीं माझ्या मनांत पहिला प्रश्न येतो तो असा : हा बसतो कशावर, आणि पीक बुडालें तरी तो भरावा लागतो काय? शेतसारा जमिनीवर बसतो. वर्ष वाईट गेल्यास पैसेवारी पाहून तहकुबी किंवा सूट मिळते. एरव्हीं सारा देणें आहेच. कारखान्यांच्या करांचाहि विचार याच प्रश्नानें करावा. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींत व शहापूर तालुक्यांत आसनगांवाकडे आपलीं मुलें कामास जातात. तेथील माल परदेशीं मालापुढें टिकला नाहीं, तर झळ आपल्या घरास लागते.

पहिलें उदाहरण मुंबईच्या कापड-गिरण्यांचें घेऊं. १८९६ सालीं सरकारनें विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेविली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांस तिची अडचण होऊं नये म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरहि तितकाच उत्पादनकर बसविला. हा कर नफ्यावर नव्हता, तयार कापडावर होता. गिरणी तोट्यांत असली तरी तो सुटत नसे. पहिल्या महायुद्धानंतर जपानी कापडाची चढाओढ वाढली. १९२५ सालीं मालकांनीं मजुरींत साडेअकरा टक्के कपात ठरविली, आणि सुमारें दीड लक्ष कामगारांनीं संप केला. कर उठल्यास कपात मागें घेऊं, असें मालकांचें म्हणणें होतें. डिसेंबरांत कर तहकूब झाला, मजुरी पूर्ववत् झाली व संप मिटला. पुढील वर्षीं कर कायमचा गेला. तथापि गिरण्यांचें संकट टळलें नाहीं. १९२८ सालीं पुन्हां मोठा संप झाला. कर हें एक ओझें होतें, एकमेव नव्हतें.

आतां कंपन्यांच्या आयकराकडे पाहूं. हा नफ्यावर बसतो. तोट्यांतील कारखान्यास सामान्यतः तो लागत नाहीं. २० सप्टेंबर २०१९ रोजीं केंद्र सरकारनें, इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठीं याचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला. नव्या उत्पादक कंपन्यांस १५ टक्के दर दिला; मात्र ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू होणें आवश्यक होतें. व्हिएतनाम व थायलंड येथें सामान्य दर २० टक्के आहे. कारखाना कोठें काढावा हें ठरवितांना भांडवलदार असे आंकडे पाहतो.

समजा, एका कारखान्यास दहा लक्ष रुपये नफा झाला. अधिभार सोडल्यास ३० टक्क्यांनीं तीन लक्ष कर पडे. २२ टक्क्यांनीं दोन लक्ष वीस हजार पडतो. उरलेल्या ऐशीं हजारांचें नवें यंत्र घेतल्यास माल सुधारेल व परदेशांत खपेल. भागीदारांनीं वांटून घेतल्यास बाजारांत कांहींच फरक पडणार नाहीं. या सवलतीस अमुक माणसें कामास लावावीं, अशी अट नव्हती.

१९२५ सालीं कर गेला आणि मजुराच्या हातीं कांहीं पडलें, कारण तसें आधीं बोलून ठेवलें होतें. सारामाफी झाली तर ती खातेदाराच्या नांवें लिहिली जाते. कारखान्यास सूट मिळेल तेव्हांहि ती कोणाच्या नांवें लिहिली जाते, हें आपण विचारीत जावें.