अंधेरीची फेसशील्ड

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे टाळेबंदीचा हुकूम सुटला आणि रुग्णाच्या खोकल्याचे तुषार प्रत्यक्ष चेहऱ्यावर झेलणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना साधी फेसशील्डही बाजारात मिळेनाशी झाली, त्या वेळी अंधेरी पूर्वेतील ‘मेकर्स असायलम’ या सामाईक कार्यशाळेतील अभियंत्यांनी व आरेखनकारांनी फेसशील्ड घडविण्याचे जे कार्य आरंभिले, ते आपल्या उपनगराच्या इतिहासात आदराने नोंदले जावे, असे मला मनःपूर्वक वाटते.

थ्रीडी प्रिंटरवर फेसशील्डची एकेक कपाळपट्टी घडविण्यास तासन्‌तास लागत. लेझर यंत्राने प्लॅस्टिकचे पातळ तक्ते कापले म्हणजे तेच काम मिनिटांत उरके, ही सारी मेख. नमुना डॉक्टरांकडे जाई, त्यांनी दाखविलेले दोष दूर करून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला जाई. वापरणाऱ्याचा शब्द अखेरचा मानण्याची ही रीत मला त्या यंत्राहूनही मोलाची वाटते. ‘एम-१९’ नावाचा हा आराखडा कोणताही मक्ता न राखता सर्वांस खुला केल्यामुळे ठिकठिकाणच्या कार्यशाळांनी तो उचलला, आणि ४९ दिवसांत देशभरातील ४२ शहरे व गावे मिळून दहा लाख फेसशील्ड तयार झाल्या. पुढे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत याच मंडळींनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचे काम हाती घेतले.