निळा घोडा, पांढरा घोडा

मिनिएचर घोड्याचं शिंगरू जन्माला येतं तेव्हा त्याचं वजन जेमतेम ८-१० किलो असतं. माणसाने सहज उचलून कडेवर घ्यावं, एवढंसं. ते धडपडत उभं राहतं, आईला लुचतं, आणि मालक नोंदणीचा कागद काढतो. आईबापांची नावं, जन्मतारीख इथपर्यंत पेन सरसर चालतं. पुढच्या, रंगाच्या रकान्याशी ते अडतं. शिंगरू काळं कुळकुळीत दिसतंय, पण आई पांढरीशुभ्र आहे आणि पिलाच्या डोळ्यांभोवती दोनचार पांढरे केस चमकताहेत. ‘काळा’ असं लिहून मोकळं व्हावं, तर सातआठ वर्षांनी या कागदासोबत उभा असलेला घोडा दुधासारखा पांढरा असेल. विकत घेणारा विचारील, हा तोच कशावरून?

अशा घोड्याला इंग्रजीत ‘ग्रे’ म्हणतात. जर्मन लोक ‘शिमेल’ म्हणतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ बुरशी. आपल्याकडच्या घोडेवाल्यांच्या तोंडी ‘सब्जा’ हा शब्द आहे. नावं वेगवेगळी असली तरी पंचाईत एकच. ग्रे हा घोड्याचा मूळ रंग नसतोच. मूळ रंग काळा, कुमैत किंवा तांबडा असतो आणि ग्रेचं जनुक तो वर्षागणिक पुसत नेतं.

पुसण्याचा क्रम

सुरुवात बहुधा चेहऱ्यापासून होते. डोळ्यांभोवती चष्म्यासारखं पांढुरकं वर्तुळ उमटतं. काही महिन्यांनी जन्माची मऊ लव झडते आणि खालून येणाऱ्या केसांत पांढरे केस मिसळलेले दिसतात. पुढे दरवर्षी केस गळून नवे येतात, तेव्हा पांढऱ्यांची संख्या वाढलेली असते. मूळचा काळा घोडा आधी पोलादी करडा होतो, तांबडा गुलाबीसर होतो. मग अनेकांच्या पाठीवर आणि पुठ्ठ्यांवर रुपयाएवढी फिकट वर्तुळं उठतात. हा घोड्याचा सर्वांत देखणा काळ, आणि तो टिकत नाही. साधारण सहा ते आठ वर्षांत बहुतेक घोडे पांढरे होतात. काहींच्या पांढऱ्या अंगावर पुढे मोहरीएवढे तांबूस ठिपके उगवतात, जणू कोणी तिखटाचा हात झटकला आहे. आयाळ आणि शेपटी मात्र आपल्या मर्जीने चालतात. कधी अंगाच्या आधी पिकतात, कधी बरीच नंतर.

मिनिएचर घोड्यांत हा क्रम ओळखणं आणखी अवघड. १९७८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमानुसार हा घोडा ३४ इंचांहून, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटरहून उंच नसावा, आणि ही उंची आयाळीच्या शेवटच्या केसापाशी मोजायची. या बुटक्या अंगावर थंडीत मेंढीसारखी दाट लोकर चढते. लोकरीचं टोक उन्हाने विटतं, आत रंग वेगळाच असतो. प्रदर्शनासाठी मशिन फिरवून केस उतरवले की मालकालाही आपला घोडा नव्याने दिसतो.

त्यात शेटलंड पोनींकडून या घोड्यांत आलेलं ‘सिल्व्हर’ नावाचं दुसरं जनुक घोळ घालतं. ते काळ्या अंगाला चॉकलेटी करतं, आयाळ-शेपटी रुपेरी करतं, कधी अंगावर वर्तुळंही उठवतं. लांबून पाहणारा त्याला ग्रे समजतो. पण सिल्व्हर घोडा वयाबरोबर पांढरा होत जात नाही. ‘रोन’ घोड्याच्या अंगातही पांढरे केस मिसळलेले असतात, मात्र त्याचं डोकं गडदच राहतं. ग्रेचं डोकं आधी पिकतं. शंका असेल तर आईबाप पाहावेत. ग्रेचं जनुक प्रभावी आहे, ते पिढी ओलांडून लपत नाही. आई किंवा बाप, दोघांपैकी एक तरी ग्रे असल्याशिवाय पिलू ग्रे होत नाही.

पंचविसाव्या गुणसूत्रावर

हे का घडतं याचं उत्तर २००८ साली मिळालं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचे लाइफ अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवून दिलं की घोड्याच्या पंचविसाव्या गुणसूत्रावर, एसटीएक्स१७ या जनुकात, डीएनएच्या सुमारे ४,६०० अक्षरांचा एक तुकडा जादा असतो. वेगवेगळ्या जातींच्या ग्रे घोड्यांत हा बदल एकसारखाच सापडला, म्हणजे तो हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाकडून आला. कुठल्या तरी माळरानावर जन्मलेल्या त्या एका घोड्याचा वारसा आज तळहाताएवढ्या खुरांचे घोडेही चालवताहेत.

हा जादा तुकडा रंगपेशींना सतत टोचणी लावतो. केसाच्या मुळाशी रंगपेशींचा जो राखीव साठा असतो, तो त्यामुळे अकाली संपतो असं संशोधकांचं अनुमान आहे. साठा संपला की त्या मुळातून पांढराच केस उगवतो. कातडीतल्या रंगपेशी मात्र शाबूत राहतात. म्हणून म्हातारा ग्रे बाहेरून बर्फासारखा असला तरी केसांखाली काळाच असतो.

२०२४ मध्ये आणखी एक गाठ सुटली. काही ग्रे घोडे झरझर पांढरे होतात, तर काही कितीतरी वर्षं करडेच राहतात, हे घोडेवाल्यांना ठाऊक होतं. कॉनेमारा पोनींच्या अभ्यासातून कळलं की झरझर पांढरे होणाऱ्यांत त्या तुकड्याच्या लागोपाठ तीन प्रती असतात आणि रेंगाळणाऱ्यांत दोनच.

शुभ्रतेची किंमत

या शुभ्रतेवर राजेरजवाडे भाळले. १५८० मध्ये आर्चड्यूक चार्ल्स दुसरा याने आज स्लोव्हेनियात असलेल्या लिपित्सा इथे अश्वशाळा स्थापली. तिथून निघालेले लिपिझानर घोडे पुढे व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलची शान झाले. एके काळी या जातीत सगळे रंग होते. दरबाराला पांढरा आवडला आणि तोच निवडला गेला. आजही शिंगरं गडद जन्मतात आणि सहा ते दहा वर्षांत पांढरी होतात. एखादा तपकिरी घोडा तिथे शुभशकुन म्हणून मुद्दाम ठेवतात.

ज्या टोचणीने केस पिकतात, तिनेच रंगपेशींच्या गाठीही होतात. पंधरा वर्षांवरच्या ग्रे घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांना मेलॅनोमा होतो. काळ्या गाठी बहुधा शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, ओठांवर, पापण्यांवर येतात. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं संथ वाढतात, काही पुढे घातक होतात. दोन प्रतींच्या, रेंगाळणाऱ्या ग्रेला हा धोका फारसा दिसत नाही. आईबाप दोघांकडून वेगवान जनुक आलेल्याला तो सर्वांत जास्त. मिनिएचर घोडे पंचवीस-तीस वर्षं जगतात, म्हणजे निम्मं आयुष्य या गाठींच्या सावलीत. खरारा करताना शेपूट उचलून हात फिरवायची सवय मालकाला म्हणूनच हवी.

आता थोडं घरचं. जेजुरीच्या खंडोबाचा घोडा भक्तांच्या पारंपरिक घोषात निळा आहे, आणि घरोघरच्या तसबिरींत पांढरा. राणा प्रतापांचा चेतकही परंपरेने निळाच म्हणतात. ऐकणाऱ्याला हे विसंगत वाटतं. घोड्यांत वाढलेल्याला वाटणार नाही, कारण पोलादी निळसर घोडा आणि पांढराशुभ्र घोडा ही एकाच जनावराची दोन वयं असू शकतात. देवाच्या घोड्याची जनुकतपासणी करायचं कारण नाही. पण हे शब्द वापरणारी माणसं रोज घोडे पाहत होती, एवढं नक्की.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलात, तर पांढऱ्या घोड्यापुढे गर्दी दिसेलच. आधी त्याची नाकपुडी पाहा. गुलाबी असेल तर तो नुकरा, जन्माचाच पांढरा. काळी असेल तर मालकाकडे त्याचा लहानपणीचा फोटो मागा. आणि वय पंधराच्या पुढे असेल, तर शेपूट उचलून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.