आवाराची भिंत आणि सदाहरित वेल

इंग्लंडमधील जुन्या वास्तूंच्या छायाचित्रांत भिंतींवर जे गर्द हिरवे आच्छादन दिसते, ते बहुधा आयव्ही या वेलीचे असते. शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या आवाराची भिंत तशीच सजवावी, असे अनेकांना वाटते. परंतु ही वेल थंड हवेची. तिची एक जात हिमालयात आढळते. महाराष्ट्राच्या पठारावरील उन्हाळा मात्र आयव्हीला सहसा मानवत नाही. आपल्याकडे तिची जागा घेऊ शकते ती पूर्व आशियातून आलेली फायकस प्युमिला. रोपवाटिकांत ती फायकस रेपेन्स या जुन्या नावानेही ओळखली जाते. वड, पिंपळ आणि उंबर हे तिचे सगोत्र होत. तिचे गुण व दोष याच नात्यातून आलेले आहेत.

या वेलीस मांडवाची आवश्यकता नसते. खोडावरील बारीक मुळांतून चिकट द्रव पाझरतो व त्यायोगे ती भिंतीस धरते. चार्ल्स डार्विन यांनी वेलींवरील आपल्या १८६५ च्या प्रबंधात हे निरीक्षण नोंदविले आहे.

म्हणूनच रोप आणण्यापूर्वी भिंत पाहावी. सिमेंटचा पक्का गिलावा असलेली किंवा दरजा नीट भरलेली दगडी भिंत योग्य होय. जेथे दरवर्षी चुन्याची सफेदी होते, तेथे वेल भिंतीस न धरता चुन्याच्या पापुद्र्यास धरते आणि त्याच्यासह खाली येण्याचा संभव असतो. मातीच्या, भेगाळलेल्या किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर ती मुळीच लावू नये. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी आयव्हीविषयी २०१० मध्ये काढलेला निष्कर्ष येथे उपयुक्त आहे: भिंत धड असेल तर पाने तिचे ऊन-पावसापासून रक्षण करतात, भेग असेल तर मुळे तीत शिरून ती रुंदावतात. सुविचार लिहिलेली भिंतही वगळावी. वेलीला अक्षरओळख नसते.

लागवड पावसाळ्याच्या आरंभी करावी. पायापासून सुमारे वीतभर अंतरावर खड्डा घेऊन शेणखत घालावे व दोन रोपांत मीटरभर अंतर ठेवावे. पश्चिमेची तापणारी भिंत शक्यतो टाळावी. पहिल्या वर्षी वाढ फारशी दिसत नाही, आणि वेल लागली नाही अशा समजुतीने ती उपटली जाते. उन्हाळ्यात पाणी देत राहावे. पुढे ती वेगाने पसरते.

खरे काम त्यानंतर सुरू होते. कोवळ्या वेलीची पाने नखाएवढी असून ती भिंतीस बिलगून राहतात. छाटणी थांबली की भिंतीपासून दूर जाणाऱ्या जाड फांद्या फुटतात, त्यांना मोठी पाने व अंजिरासारखी फळे येतात आणि भिंतीवर भार पडतो. अशा फांद्या वर्षातून किमान दोनदा मुळाशी छाटाव्यात. कौले, पन्हळ आणि विजेच्या तारा यांपासून वेल हातभर दूर ठेवावी. छाटणीच्या वेळी पानांआड पाहावे: पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी तेथे निमूटपणे रुजते आणि दिसू लागेपर्यंत त्याचे मूळ भिंतीत गेलेले असते. वेलीचा पांढरा चीक काहींच्या त्वचेस बाधतो. हे काम विद्यार्थ्यांवर सोपवू नये.