नागपूर–न्यूयॉर्क : आठवड्याला साडेसात तास

साडेसात तास. हिवाळ्यात नागपूरच्या आणि न्यूयॉर्कच्या कार्यालयांना थेट बोलायला आठवड्यात एवढाच वेळ मिळतो, आणि तोही नागपूरकरांनी दुपारी 12 ते रात्री 9 अशी पाळी धरली तर. नेहमीची 10 ते 7 ही वेळ ठेवली, तर उरतो शून्य.

भारतीय प्रमाणवेळेपेक्षा न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. तिथे सकाळी 9 वाजता कामकाज सुरू होतं, तेव्हा नागपुरात थंडीच्या दिवसांत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेसहा. म्हणजे बारा-नऊच्या पाळीत रोज दीड किंवा अडीच तासच सामाईक. लंडन त्या मानाने शेजारी म्हणायचं. 10 ते 7 मध्येही लंडनशी हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच तास जुळतात. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची केंद्रं आहेत. अशा नोकरीत रात्रीचं जेवण घरी सगळ्यांबरोबर होणार की नंतर एकट्याने, हे पुष्कळदा ग्राहक कुठल्या देशातला यावर ठरतं.

त्यात आपल्या प्रमाणवेळेतला तो जादा अर्धा तास. न्यूयॉर्कवाल्याने 9 ते 10 असा नीटनेटका तास धरला, की आपल्याकडे तो साडेसात ते साडेआठ होतो. सातचा तासही मोडतो आणि आठचाही.

पण खरी गाठ घड्याळात नाही, आमंत्रितांच्या यादीत आहे. समजा, प्रत्येकाचा निम्मा वेळ आधीच भरलेला आहे. मग एखादा अर्धा तास दोघांनाही मोकळा असण्याची शक्यता 4 पैकी 1, तिघांना 8 पैकी 1, सहा जणांना 64 पैकी 1. हिवाळ्यातल्या साडेसात तासांत अर्ध्या तासाचे 15 तुकडे पडतात. तिघांची बैठक असेल तर त्यातले सरासरी जवळजवळ दोन तुकडे हाती लागतात. सहा जणांची असेल तर पाव तुकडा, म्हणजे चार आठवड्यांतून जेमतेम एकदा. हा हिशेब ढोबळ आहे. माणसांच्या वेळा अशा नाणेफेकीने भरत नाहीत, आणि साहेबांचा वेळ निम्म्याहून कितीतरी जास्त भरलेला असतो. तरी कल दिसतोच. उन्हाळ्यात रोजची खिडकी अडीच तासांची होते, आठवड्याचे तुकडे 15 चे 25 होतात, पण सहा जणांसाठी अख्खा एक तुकडा तेव्हाही सुटत नाही. पाळी आणखी पुढे ढकलून जे मिळत नाही, ते यादीतली तीन नावं कमी करून मिळतं. वेळ जुळवून देणारी ॲप्स उपयोगी आहेत, नाही असं नाही. मात्र नसलेला वेळ ती दाखवू शकत नाहीत. ‘माहितीसाठी’ म्हणून बोलावलेल्यांना बैठकीचा वृत्तांत पाठवला तर कुणाचंही बिघडत नाही.

दुसरी गडबड वर्षातून दोनदा होते. 2026 मध्ये अमेरिकेची घड्याळं 8 मार्चला एक तास पुढे जातात, ब्रिटनची 29 मार्चला. परत येताना ब्रिटन 25 ऑक्टोबरला, अमेरिका 1 नोव्हेंबरला. मधल्या 3 आणि 1 अशा एकूण चार आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्कमधलं अंतर पाच तासांऐवजी चार तासांचं असतं. आपलं घड्याळ जागचं हलत नाही, पण दर आठवड्याची बैठक न्यूयॉर्कच्या वेळेवर बांधलेली असेल तर आपली संध्याकाळ हलते. त्यामुळे कायमची बैठक कुठल्या शहराच्या वेळेने नोंदवायची, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. बहुतेक ठिकाणी ते कुणी ठरवत नाही, आमंत्रण पाठवणाऱ्याचं शहर आपोआप धरलं जातं.

कॅलिफोर्नियाचं प्रकरण वेगळंच. तिथले सकाळचे 9 म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. साडेनऊचा आकडा आणखी एका ठिकाणी भेटतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात महिलेला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाची. म्हणजे उन्हाळ्यात तिकडची दिवसाची पहिली बैठक इकडे कायद्याने आखलेल्या रेषेवर सुरू होते.

कॅलिफोर्नियाशी सामाईक वेळ कुठल्याच ऋतूत नाही, तेव्हा कुणीतरी झळ सोसणारच. नेहमी आपणच का? नागपूरचे सकाळचे साडेसात म्हणजे तिथली आदली संध्याकाळ, हिवाळ्यात 6 आणि उन्हाळ्यात 7. एका आठवड्यात आपली रात्र, पुढच्या आठवड्यात त्यांची संध्याकाळ, असा पाळीपाळीचा प्रस्ताव तुमच्या पुढच्या बैठकीत मांडून पाहा.