मोबाईलद्वारे आरोग्यशिक्षण : संदेश आणि आचरण

आरोग्यसेवा म्हटले की रुग्णालयाची इमारत, खाटा व उपकरणे डोळ्यांपुढे येतात. परंतु गरोदरपणी लोहाची गोळी नियमित घेणे, बाळाला पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध देणे, अतिसार होताच जलसंजीवनी सुरू करणे, बरे वाटू लागले तरी क्षयाचे औषध न सोडणे, या गोष्टी रुग्णालयात नव्हे तर घरात घडतात. किंवा घडावयाच्या राहून जातात. या घरापर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणून मोबाईलचा उपयोग कितपत होऊ शकतो, हे विश्वस्त, देणगीदार व हितचिंतक यांच्यापुढे मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

या क्षेत्रातील आपल्या देशातील सर्वांत व्यापक उपक्रम म्हणजे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०१६ मध्ये सुरू केलेली ‘किलकारी’ सेवा. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत आठवड्यातून एकदा, असे एकूण ७२ ध्वनिमुद्रित संदेश कुटुंबाच्या मोबाईलवर विनामूल्य ऐकविले जातात. ‘डॉक्टर अनिता’ या काल्पनिक पात्राच्या आवाजात ही माहिती दिली जाते. २०२४ मध्ये महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत ही सेवा सुरू झाली.

या रचनेत दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, संदेश लिखित नसून ऐकावयाचा आहे. त्यामुळे साक्षरतेची अट राहत नाही व साधा मोबाईलही पुरतो. दुसरी, माहिती एकदम न देता योग्य वेळी दिली जाते. लसीकरणाची सर्व तपशीलवार माहिती प्रसूतीपूर्वीच सांगितल्यास ती विसरली जाण्याचा संभव असतो. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसींची आठवण त्या त्या वेळी झाली तर तिचा उपयोग होतो.

तथापि संदेश पाठविला म्हणजे आचरण बदलले, असे मानता येत नाही. मध्य प्रदेशात ५,००० हून अधिक गरोदर स्त्रियांचा समावेश असलेल्या ‘किलकारी’च्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आधुनिक तात्पुरत्या गर्भनिरोधक साधनांच्या वापरात अल्प वाढ आढळली; निव्वळ स्तनपानाच्या बाबतीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. बाळाला मध किंवा पाणी चाटवावयाचे की नाही, हा निर्णय अनेक घरांत एकट्या मातेच्या हाती नसतो, हे आपण सर्व जाणतो. तिने ऐकलेला सल्ला सासूबाईंच्या व पतीच्या कानी पडला नसेल, तर तो तिच्यापाशीच राहतो.

मोबाईल कोणाच्या हाती आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण शहरी भारतात ६९.४ टक्के, तर ग्रामीण भारतात ४६.६ टक्के होते. मोबाईल पतीसोबत शेतावर वा कामावर गेला की संदेशही त्याच्याबरोबर जातो.

एकतर्फी संदेशापेक्षा दुतर्फी संपर्काचे स्वरूप वेगळे असते. क्षयरोग कार्यक्रमात वापरल्या गेलेल्या ‘९९ डॉट्स’ पद्धतीत औषधाच्या वेष्टनात गोळीमागे दूरध्वनी क्रमांक छापलेला असे. गोळी बाहेर काढल्याखेरीज तो दिसत नसे. रुग्णाने त्यावर मिस्ड कॉल दिला की त्या दिवसाच्या मात्रेची नोंद होई व कॉल न आल्यास आरोग्य कर्मचाऱ्यास ते समजे. अर्थात काही रुग्ण गोळी घेऊनही कॉल देत नसत. म्हणजे ही नोंद पुरावा म्हणून अपुरी होती. परंतु कोणाकडे आज जाऊन विचारपूस करावी, याची सूचना म्हणून ती उपयोगी होती.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर पाठविलेले संदेश ही खर्चाची बाजू आहे. जमेच्या बाजूस वेळेवर झालेली तपासणी, पूर्ण झालेले लसीकरण व अखेरपर्यंत घेतलेले औषध यांचीच नोंद व्हावयास हवी. याकरिता आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना मोठी यंत्रसामग्री लागत नाही. नोंदणीच्या वेळी क्रमांकाबरोबरच तो मोबाईल कोणाचा आहे व घरी किती वाजता असतो, हे विचारावे. संदेश त्या परिसराच्या बोलीत असावा. रुग्णाची खाजगी माहिती दुसऱ्याच्या कानी पडू नये, याची दक्षता घ्यावी. आणि ठरलेल्या दिवशी जो आला नाही, त्याच्या घरी आशाताई किंवा परिचारिकेने प्रत्यक्ष जावे.

संदेश ऐकून दहा मैलांवरून आलेल्या मातेस लस संपल्याचे उत्तर मिळाले, तर पुढील संदेशावर तिचा विश्वास बसणार नाही. म्हणून मोबाईल संदेशांसाठी तरतूद करताना औषधसाठा, वाहन व परिचारिकांचे मानधन यांत कपात होऊ नये, अशी विश्वस्त मंडळास व देणगीदारांस नम्र विनंती आहे.