चोवीस हिश्श्यांचं जहाज

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, जिनोआपासून पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर कामोली नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम पाच हजारांची. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधे चिंचोळी पट्टी. घरांना पसरायला जागाच नाही, म्हणून ती सहा-सात मजले उंच वाढली. गेरू, पिवळा, गुलाबी अशा रंगांच्या भिंतींवर खिडक्यांच्या रांगा दिसतात. जवळ जाऊन निरखावं, तर त्यातल्या कित्येक खिडक्या, त्यांच्या चौकटी आणि वरची नक्षी नुसती रंगवलेली! समुद्रावरून परतणाऱ्या खलाशाला आपलं घर लांबूनच ओळखू यावं म्हणून हे गडद रंग, असं गावात सांगतात.

पर्यटक इथे येतात ते रंग पाहायला आणि मासळी खायला. कामोलीचं वेगळेपण मात्र दिसतं ते जुन्या हिशेबांत. एकोणिसाव्या शतकात एवढ्याशा गावाच्या मालकीची शेकडो शिडाची जहाजं जगभर फिरत होती. ‘हजार पांढऱ्या शिडांचं गाव’ अशी त्याची ख्याती होती. बंदर तर इतकं लहान, की ही सारी जहाजं एका वेळी तिथे मावलीही नसती. मग ती उभी राहिली कशी?

तोटाही वाटून घ्यायचा

कामोलीच्या लिगुरिया प्रांतात जहाजाची मालकी चोवीस हिश्श्यांत वाटायची जुनी रीत होती. एका हिश्श्याला ‘कारातो’ म्हणत. काही हिस्से कप्तानाचे, उरलेले भाऊबंद, सोयरे आणि शेजारी ऐपतीप्रमाणे घेत. फेरीचा नफा हिश्श्याप्रमाणे वाटला जाई आणि तोटाही. शिवाय शहाणा माणूस सगळे पैसे एकाच जहाजात घालत नसे. एकात दोन हिस्से, दुसऱ्यात एक, असं करी. जहाज बुडालं तर झळ अनेक घरांना लागे, पण एकही घर पुरतं बसत नसे.

हीच युक्ती १८५३ मध्ये जहाजमालकांनी आणखी पुढे नेली. त्यांनी परस्पर विम्याची स्वतःची संस्था काढली. एकाचं जहाज गेलं, की बाकीच्यांनी मिळून भरपाई द्यायची. जो विमा उतरवणारा, तोच विमा देणारा. त्याच वर्षी क्रिमियाचं युद्ध पेटलं आणि रसद वाहायला जहाजं हवी झाली. काळ्या समुद्रातल्या बंदरांतून धान्य आणण्याचा व्यापारही हाताशी होताच. गावात पैसा आला आणि तो पुन्हा नव्या जहाजांत गेला.

पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. तो वाफेच्या जहाजांच्या सोयीचा. लाल समुद्रातले वारे शिडांना साथ देत नाहीत. कामोलीच्या कप्तानांनी मग आणखी लांबचे रस्ते धरले. ब्रिटनचा कोळसा दक्षिण अमेरिकेला न्यायचा आणि पेरूहून ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत, भरून केप हॉर्नला वळसा घालत परतायचं. शिडांचे दिवस सरत आले, तरी ती आणखी काही दशकं तगली.

अशाच लांबच्या एका फेरीची खूण दक्षिण अटलांटिकमध्ये आजही सापडते. १८९२ मध्ये कोळसा वाहणाऱ्या ‘इतालिया’ या जहाजाला आग लागली आणि ते त्रिस्तान दा कुन्हा या एकाकी बेटावर लावावं लागलं. बाकीचे खलाशी यथावकाश परतले. कामोलीचे गाएतानो लावारेल्लो आणि आंद्रेआ रेपेत्तो तिथेच राहिले, तिथल्याच मुलींशी लग्न करून संसाराला लागले. त्या बेटावर आजही मोजकीच आडनावं आहेत आणि त्यांत लावारेल्लो व रेपेत्तो ही दोन आहेत.

नवस फेडणारी चित्रं

विमा जहाजाचा उतरवता येई. माणसाची हमी मात्र देवाकडे मागावी लागे. गावात बोस्केत्तो नावाचं मरियमचं देवस्थान आहे. १५१८ मध्ये एका मेंढपाळ मुलीला तिथे मरियमने दर्शन दिलं, अशी श्रद्धा आहे. वादळातून वाचलेले खलाशी तिथे नवसाचं चित्र वाहत. त्याची ठेवण बहुतेक सारखीच: डोंगराएवढ्या लाटा, कलंडलेलं जहाज, फाटलेली शिडं आणि वरच्या कोपऱ्यात ढगात मरियम. जहाज मात्र नीट निरखून काढलेलं. कोणती डोलकाठी मोडली, कोणतं शीड उडालं, सगळं जागच्या जागी. चित्रकाराला एक वेळ चूक खपली असती, नवस फेडणाऱ्याला खपली नसती.

गावाच्या हद्दीत, डोंगरापलीकडे सान फ्रुत्तुओझोची खाडी आहे. तिथे मोटार जात नाही. होडीने जा नाहीतर पायवाटेने. खाडीच्या काठावर बेनेडिक्टाइन साधूंचा मध्ययुगीन मठ आहे आणि त्यात जिनोआच्या दोरिया या बड्या घराण्याची थडगी. १८५५ च्या एप्रिलमध्ये क्रिमियाकडे सैनिक घेऊन निघालेलं ‘क्रोएसस’ हे ब्रिटिश जहाज पेटलं आणि या खाडीत शिरलं. मारिया आणि कातेरिना आवेन्यो या बहिणींनी होडी घातली. जीव वाचवायला धडपडणारे इतके जण होडीला लोंबकळले, की ती उलटली आणि मारिया बुडाली. कोळ्याच्या घरातल्या या बाईला दोरियांच्या थडग्यांशेजारी जागा मिळाली.

त्याच खाडीत १९५४ पासून सुमारे सतरा मीटर खोलीवर हात उंचावलेला कांस्य ख्रिस्त उभा आहे. शिल्पकार ग्वीदो गाल्लेत्ती. १९४७ मध्ये पाणबुड्या दारिओ गोंझात्ती इथे मरण पावला. त्याचा मित्र दुइलिओ मार्कांते याची ही कल्पना. कांस्यासाठी जहाजांच्या घंटा आणि खलाशांची पदकंसुद्धा वितळवली गेली.

काथ्याचं जाळं, मोठी कढई

इटलीत नारळ होत नाही, तरी कामोलीचं सगळ्यात जुनं जाळं काथ्याचं आहे. ‘तोन्नारेल्ला’ हे त्याचं नाव. सतराव्या शतकापासून त्याचे उल्लेख मिळतात. कोळी दरवर्षी ते नव्याने विणतात आणि एप्रिलच्या सुमारास पुंता क्याप्पा या भूशिराजवळ अंथरतात. किनाऱ्यालगत फिरणारे मासे त्यात वळतात आणि शेवटच्या कप्प्यात अडकतात. तेवढा कप्पा नायलॉनचा. दिवसातून तीनदा ते हातांनी ओढून वर घेतात. हंगाम संपला, की काथ्याचा भाग कापून समुद्रातच सोडतात. तोवर त्यावर शेवाळ चढलेलं असतं आणि तो तळाशी कुजून जातो.

सणही असेच सामायिक. मे महिन्यात कोळ्यांचा रक्षक संत फोर्तुनातो याचा उत्सव. शनिवारी रात्री किनाऱ्यावर दोन मोहल्ले लाकडांचे उंच डोलारे रचून चढाओढीने पेटवतात. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सुमारे चार मीटर व्यासाच्या कढईत मासे तळून वाटतात. ही प्रथा १९५२ पासूनची. निवृत्त झालेल्या कढया गावात भिंतीवर टांगलेल्या आहेत. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ‘स्तेल्ला मारिस’, म्हणजे सागरतारा मरियमचा सण. सकाळी होड्यांची मिरवणूक निघते, रात्री हजारो दिवे पाण्यावर सोडतात.

जहाजावरचं जेवणही घरात टिकून आहे. ‘गाल्लेत्ता’ हा महिनोन्‌महिने टिकणारा कडक पाव पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये भिजवायचा, त्यावर खारवलेली मासळी, ऑलिव्ह आणि भरपूर तेल. या पदार्थाला ‘काप्पोनाद्दा’ म्हणतात. पूर्वी ती खलाशाची निकड होती, आता उन्हाळ्यातलं आवडीचं खाणं आहे.

भरभराटीच्या काळात, १८७६ मध्ये, गावातल्या कुटुंबांनी एक नाट्यगृहही बांधलं, तेही जहाजाच्याच रीतीने. प्रेक्षागाराचे कक्ष विकत घेऊन भांडवल उभं केलं आणि जो तो आपापल्या कक्षाचा मालक झाला. पुढे ते कित्येक वर्षं बंद होतं. २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. शिडं गेली आणि ग्वानोचा धंदाही बुडाला. पण एकट्याला न परवडणारी गोष्ट वाटून घ्यायची, हा कामोलीचा खाक्या जहाजांपेक्षा जास्त टिकला.